भिगवणला होडीवर आडोसा बांधलाय, पण बदकं लांबूनच उठतात. काय चुकतंय?

काठावरची लेक, धनकवडी · ७ डिसेंबर

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहितीवर सल्ला मागण्यात अर्थ नाही.

माझे बाबा ७३ वर्षांचे आहेत. पोस्टातून निवृत्त झाले. पक्ष्यांचं वेड नोकरीच्याही आधीपासूनचं. पाषाण तलाव, कवडीपाट, येरवड्याजवळचं सलीम अली अभयारण्य हे त्यांचे रविवारचे फेरे, आणि थंडीत महिन्यातून एकदा भिगवण, म्हणजे उजनी धरणाचं पाणी. डायरीत तारीख, जागा, पक्षी, संख्या. बाकी एक अक्षर नाही. गेल्या वर्षी दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. आता चालतात, जिना चढतात, पण मांडी घालता येत नाही, उकिडवं बसता येत नाही, आणि काठावरच्या चिखलात पाय टाकायचा प्रश्नच नाही. नेहमीच्या होडीतून गेलं की बदकं ठरावीक अंतरावर उठतात आणि बाबांना दुर्बिणीतून पाठमोरे ठिपके दिसतात.

कुंभारगावच्या ज्या मामांच्या होडीतून आम्ही नऊ वर्षं जातोय, त्यांची एक जुनी होडी काठावर पडून होती. १६ फूट लांब, मधे ४ फूट रुंद. मामा स्वतःहून म्हणाले, "ताई, हिची डागडुजी करू आणि तुमच्या बाबांना वर खोपी बांधू. गपचूप बसून राहतील, पाखरं येतील जवळ." तेव्हापासून आमचं सगळं घर यात आहे. दादा, वहिनी, माझी भाची, भाचीचे दोन मित्र आणि माझी ऑफिसातली एक मैत्रीण, जिला गाठी छान मारता येतात.

पहिली खोपी अशी बांधली: बुरूड आळीतून बांबू आणले, बोहरी आळीतून ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट आणि बाइंडिंग वायर. चार खांब, होडीच्या काठापासून ५ फूट उंच, वर सपाट छप्पर. चारही बाजूंनी शेडनेट ताणून वायरने पक्की केली. समोर बघायला एक आडवी खिडकी. बाहेरून उसाचं पाचट बांधलं. आत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या.

गेल्या शनिवारी पाण्यात नेली. थापट्या बदकांचा ऐंशीएक पक्ष्यांचा थवा होता. आम्ही शंभर मीटरवर असतानाच सगळ्यांनी माना वर केल्या, पोहत लांब गेले आणि मग उठले. तासाभराने दुसऱ्या जागी तेच. नऊनंतर वारा सुटला तशी होडी गरगर फिरायला लागली. मामांचा वासा तळाला पोचत होता तरी ती त्यांच्या हातात राहीना. शेडनेट फडफडत होती.

बाबा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मी डायरी बघितली. "थापट्या ८०. सर्व उडाले. आमच्यामुळे." इतकंच.

म्हणून विचारतेय. आडोसा कुठे चुकला? वाऱ्याचं काय करायचं? आणि बाबांना बसवायचं कसं? एकाने ज्वारी टाकायला आणि मोबाइलवर आवाज लावायला सुचवलं. ते करायचं नाही, हे घरात एकमताने ठरलंय. फोटो भाचीला हवेत. बाबांना फक्त जवळून बघायचंय.

मुठाकाठ · ७ डिसेंबर

ताई, ज्वारीला नाही म्हणालात ते फार बरं केलंत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात "शिकार" या शब्दाच्या व्याख्येतच आमिष दाखवणं आणि हाकलणं येतं. हातात बंदूक नसली म्हणून आपण मोकळे, असं नाही.

आता आडोशाबद्दल. मी बारा वर्षं हाइडमधून, म्हणजे अशाच लपून बसायच्या आडोशातून, फोटो काढतोय, त्यातली पहिली चार वर्षं तुमच्यासारखीच गेली.

पहिली गोष्ट आकाराची. पाणथळ जागेत सरळ उभी कड आणि सपाट छप्पर असलेलं काहीच नसतं. पाच फुटी चौकोनी खोका पाण्यावरून सरकत आला, तर त्यावर पाचट असो नाहीतर सोनं, बदक उठणारच. उंची निम्मी करा आणि वरची कड मोडा. गवताचे तुरे वेडेवाकडे वर आले पाहिजेत.

दुसरी, मागची बाजू. ही चूक जवळजवळ सगळेच करतात. सकाळी सूर्य पाठीशी ठेवून बसावं लागतं, म्हणजे पक्ष्यांवर उजेड पडतो. पण मागची भिंत नुसत्या शेडनेटची असली की तो उजेड आरपार येतो, आणि आतला माणूस पडद्यावरच्या सावलीसारखा पुढून दिसतो. हात हलला की सावली हलते. मागून आणि दोन्ही बाजूंनी आतून जाड काळं कापड लावा. पुढची जाळी मग आतल्या अंधारामुळे आपोआप अपारदर्शक होते.

तिसरी, कपडे. पक्ष्यांना आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात. आपल्याला न दिसणारे अतिनील किरण टिपणारा वेगळा पेशीप्रकार त्यांच्या डोळ्यांत असतो किंवा त्या बाजूचं दिसतं तरी. आणि बहुतेक धुण्याच्या पावडरींत कपडा शुभ्र दिसावा म्हणून जी द्रव्यं असतात, ती अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतात. खाकी शर्ट आपल्याला खाकी दिसतो, बदकाला तो उजळ दिसू शकतो. हाइडचे कपडे आणि आतलं कापड रिठ्याने धुवा. बाबांचे केस पांढरे असतील तर टोपी हवीच.

आणि फडफड. शेडनेट कितीही ताणली तरी दोन दिवसांत सैल पडते. तिच्या बाहेरून कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी मारा आणि गवत त्या भोकांत विणा. वजनाने फडफड थांबते.

गाठ आणि दोर · ८ डिसेंबर

मी नौदलात पंधरा वर्षं काढली आहेत. बदकांमधलं मला काही कळत नाही, पण तुमचं वर्णन वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितो. कृपया राग मानू नका.

तुम्ही होडीवर आडोसा बांधलेला नाही, तुम्ही शीड उभारलंय. ५ फूट उंच आणि समजा ७ फूट लांब म्हणजे एका बाजूला ३५ चौरस फूट. शिडाच्या होडीला ते पेलायला तळाशी वजन असतं, सुकाणू असतं. तुमच्या होडीला यातलं काही नाही. ती फिरली एवढ्यावर निभावलं. मे २०२४ मध्ये याच उजनीत कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटली आणि सहा माणसं गेली. पाणी लांबून शांत दिसतं म्हणून त्याला तळं समजू नका. ११७ टीएमसीचं धरण आहे ते.

याहून गंभीर गोष्ट दुसरीच. चारही बाजूंनी जाळी आणि ती वायरने पक्की. होडी कलंडली तर गुडघ्याची ऑपरेशनं झालेला ७३ वर्षांचा माणूस जाळीच्या पिंजऱ्यात पाण्याखाली असेल. वायर हाताने सुटत नाही. आजच ती सगळी तोडून टाका.

बांधायचंच असेल तर: वरून उघडं ठेवा. एक लांब बाजू फक्त वेल्क्रोने अडकवा, खांद्याने ढकलली की मोकळी झाली पाहिजे, आणि काठावर बाबांकडून तसं दोनदा करून घ्या. लाइफ जॅकेट अंगात घालून, बंद लावून बसायचं. खाली ठेवून किंवा उशाला घेऊन नव्हे. जॅकेटच्या वर त्यांची शाल येऊ दे, आत नको. प्लास्टिकच्या खुर्च्या काढा. माणूस जितका वर बसेल तितकी होडी डगमगते. आणि एकदा जागेवर पोचल्यावर कुणीही उभं राहायचं नाही, फोटोसाठीसुद्धा.

होडी एका दोरावर बांधली तर फिरणारच. पुढून आणि मागून, दोन्हीकडून बांधा. तळ चिखलाचा असेल तर लोखंडी नांगरापेक्षा दोन वासे खोल रोवणं बरं. खोल पाण्यात वाळूच्या दोन गोण्या.

मिनेसोटातला सदाशिवपेठी · ८ डिसेंबर

वरच्या काकांशी शंभर टक्के सहमत. त्यांनी सांगितलेल्या शिडाच्या प्रश्नाला इथे एक सोपं उत्तर आहे, ते सांगतो.

मी राहतो त्या भागात बदकांची शिकार कायदेशीर आहे आणि शेजाऱ्यांच्या तीन पिढ्या मिळून दर उन्हाळ्याच्या शेवटी गराजमध्ये होडीवर असा आडोसा बांधतात. त्याला ते ब्लाइंड म्हणतात. मी बंदूक कधी धरली नाही, पण बांधकामाला चार वर्षं गेलोय. आजोबा खुर्चीत बसून सूचना देतात, नातवंडं गवताच्या जुड्या बांधतात, आणि दुपारी सगळ्यांचं जेवण तिथेच. (इथे शिकारीचे नियम खूप कडक आहेत. १९३४ पासून दरवर्षी केंद्र सरकारचं बदक-तिकीट विकत घ्यावं लागतं आणि त्यातला बहुतेक सगळा पैसा पाणथळ जागा राखण्यावर जातो. शिशाच्या छर्ऱ्यांवर १९९१ पासून बंदी आहे, कारण तळाशी पडलेलं शिसं बदकं खड्यांसोबत गिळत.)

त्यांचा सांगाडा कायमचा उभा नसतो. होडीच्या दोन्ही काठांवर बिजागरीवर बसवलेल्या दोन चौकटी असतात. जाताना त्या बाहेरच्या बाजूला किंवा आत आडव्या पडलेल्या असतात, त्यामुळे वारा धरत नाहीत. जागेवर होडी बांधली की दोन्ही चौकटी उभ्या करायच्या, वर टोकं एकमेकांकडे झुकतात, मधे हातभर फट राहते. उठायचं झालं की चौकट ढकलायची, ती पडते. म्हणजे काकांचा पिंजऱ्याचा प्रश्नही सुटतो. ते ॲल्युमिनियमचा पाइप वापरतात. तुम्हाला बांबू चालेल, बिजागरीच्या जागी दोराचा सैल फास.

गवत लावायची त्यांची एक पद्धत मला फार आवडते. एका दिवसात एकाच गवताने झाकत नाहीत. आधी खाली दाट थर, मग त्यावर ज्या जागी होडी लावायची तिथलंच उपटलेलं गवत, विरळ. जागा बदलली की वरचा थर बदलायचा. आणि वरून झाकण. बदकं उतरण्याआधी घिरट्या घालतात आणि वरून बघतात, तेव्हा उघड्या होडीतले चेहरे त्यांना सगळ्यात आधी दिसतात. त्या मधल्या फटीवर नुसत्या गवताच्या चार काड्या आडव्या टाकल्या तरी पुरतं.

काठावरची लेक · ८ डिसेंबर

काका, राग कसला. तुमचं वाचून हात थरथरले. दादा आणि मी दुपारीच कुंभारगावला निघालो, संध्याकाळी पक्कड घेऊन सगळी वायर तोडली. मामांनाही वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. त्या मे महिन्यात ते शोधाला गेलेल्यांपैकी होते, हे आम्हाला नऊ वर्षांत माहीत नव्हतं.

बिजागरीची चौकट आम्ही करतोय. बसायचं मात्र कळत नाहीये. खाली बसवता येत नाही, वर बसवायचं नाही.

बॅकवॉटर डिकसळ · ९ डिसेंबर

ताई, गाडीचं जुनं सीट बघा. मारुती ८०० चं पुढचं. खाली फळीवर ठेवलं की बूड वीतभरच उंच राहतं, पाठीला टेका असतो आणि पाय पुढं लांब सोडता येतात. गुडघे मुडपायला लागत नाहीत. आमच्या चुलत्यांना पाठीचा त्रास आहे, त्यांनी जाळी टाकायच्या होडीत तेच बसवलंय. उठायला पुढं एक आडवा वासा बांधा, धरून उठता येतं. पुण्यात जुन्या बाजारात मिळून जाईल.

आता जागेचं. तुम्ही उघड्या पाण्यात गेला होता, तिथं काहीही ठेवा, पाखरू येणार नाही. रात्रीत नवीन बेट कुठून उगवलं, असंच त्याला वाटणार. डिसेंबरात धरण भरलेलं असतं आणि पाणी काठच्या बेशरमीच्या झुडपांत आणि बाभळीत शिरलेलं असतं. होडी त्या बेशरमीला पाठ लावून उभी करा. वरचा थरही बेशरमीचाच लावा, पाचट काढून टाका. पाचट पिवळं दिसतं, इथं काठाला आत्ता पिवळं काही नाही. शिवाय वाळलेलं पाचट आणि कुणाची विडी, भर पाण्यात पेट घेईल.

होडी नेऊन लगेच बसू नका. रिकामी चार-पाच दिवस तिथंच राहू द्या. पाखरं तिला टेकून पोहायला लागली की समजा झालं. पण आधी त्या पट्ट्यातल्या मच्छीमारांना विचारा, कुणाची जाळी आडवी येत असेल तर वाद होतो. वनखात्याच्या लोकांच्याही कानावर घाला.

बसायचं ते अंधारात. दुसऱ्या होडीनं सोडायचं आणि त्या होडीनं सगळ्यांच्या देखत निघून जायचं. पाखरांना वाटतं माणूस गेला.

अजून एक, हे मनापासून सांगतो. फेब्रुवारीनंतर पाणी उतरतं, बेटं उघडी पडतात आणि तिथं नदी सुरय अंडी घालतात, उघड्या जमिनीवर, घरटं असं नसतंच. तेव्हा ही खोपी घेऊन बेटांजवळ जाऊ नका. पाखरू उठलं की अंडी उन्हात भाजतात. जानेवारीअखेर सोडून टाका.

मुठाकाठ · ९ डिसेंबर

बेशरमीचं मला सुचलं नव्हतं. माझे सगळे हाइड जमिनीवरचे. ताई, यांचं ऐका.

आणि वर मी अतिनील किरणांचं वाक्य घाईत गोंधळाचं लिहिलंय. सरळ असं: आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, पक्ष्यांच्या डोळ्यांत चार. रिठ्याचं मात्र नक्की करा.

काठावरची लेक · १९ जानेवारी

उशिरा लिहितेय, पण आधी नीट करून बघायचं होतं.

सीट रविवारी जुन्या बाजारातून आणलं. दादाने तळाला फळ्या ठोकून त्यावर ते बोल्टने बसवलं. चौकटींना बुरूड आळीतूनच हलके बांबू आणले, एका बाजूची उंची काठापासून सव्वादोन फूट. वहिनीने जुन्या काळ्या पडद्यांचं अस्तर शिवलं आणि रिठ्यात दोनदा धुतलं. बेशरम कापून आणायचं काम भाचीच्या मित्रांचं. मैत्रिणीने चौकटींचे फास असे बांधलेत की एक टोक ओढलं की सुटतं. बाबांकडून काठावर तीनदा करून घेतलं, जॅकेट घालून. तिसऱ्या वेळी म्हणाले, "आता मला झोपेतसुद्धा येईल."

होडी सहा दिवस बेशरमीला टेकून रिकामी ठेवली. पाचव्या दिवशी मामांचा फोन, "काठावर हळदीकुंकू बसलंय." म्हणजे हळदीकुंकू बदक, खोपीच्या काठावर.

११ तारखेला पहाटे साडेपाचला मामांनी बाबांना आणि मला सोडलं आणि आवाज करत परत गेले. पाण्यावर धुकं होतं, हात थंडीने आखडले होते. सात वाजेपर्यंत काहीच दिसलं नाही, फक्त आवाज. वारकरी पक्ष्यांची किटकिट, लांबून चक्रवाक बदकाची हाक. मग उजेड झाला आणि धुक्यातून थापट्या आल्या. आधी सात, मग बारा, मग मी मोजायचं सोडलं. त्या एकमेकींच्या मागे गोल फिरतात, चोच पाण्यात ठेवून, म्हणजे पुढचीने ढवळलेलं मागचीला मिळतं. हे मी वाचलं होतं. पण त्यांच्या चोचींतून पाणी गाळल्याचा आवाज येतो, बारीक, चुळचुळ, सतत. तो ऐकायला वीस फुटांवर असावं लागतं.

बाबांनी दुर्बीण उचललीच नाही. ती मांडीवर होती. पावणेनऊपर्यंत ते हललेही नाहीत. चक्रवाकांची एक जोडीही आली, पण पंचवीस-तीस मीटरवर थांबली आणि नर सतत आमच्याकडे बघत होता. त्याला काहीतरी पटलं नव्हतं. नऊला वारा सुटायच्या आत मामा येणार होते. ते लांबून दिसले तशा थापट्या पोहत बाजूला झाल्या. उडाल्या नाहीत.

१८ तारखेला दादा आणि बाबा बसले. वारा लवकर आला, आठलाच, म्हणून ठरल्याप्रमाणे चौकटी पाडून परत फिरले. होडी फिरली नाही, दोन्ही वाशांवर धरून राहिली.

अकराच्या पानावर बाबांनी लिहिलंय: "थापट्या ३४. चक्रवाक २. हळदीकुंकू ५. कोणी उडाले नाही."

२५ ला शेवटची फेरी, भाची आणि बाबा. त्यानंतर खोपी उतरवतोय, डिकसळच्या दादांनी सांगितलं तसं. एकच अडचण आहे. दव आणि शिंतोड्यांनी सीटचा स्पंज पार भिजलाय, उन्हात ठेवून दोन दिवस झाले तरी आतून ओला आहे, वास येतोय. पुढच्या वर्षी हेच वापरायचंय. काय करावं?

बॅकवॉटर डिकसळ · १९ जानेवारी

कव्हर उसवून स्पंज बाहेर काढा, सावलीत उभा टांगून ठेवा, उन्हात नको, कडक होतो. आणि परत घालताना खताच्या रिकाम्या गोणीतलं आतलं प्लास्टिक गुंडाळून मग कव्हर शिवा. चुलत्यांचं सीट तसंच आहे, चौथं वर्ष चालू आहे.

२५ ला मी पलीकडच्या काठाला असेन. तुमच्या मामांना सांगा, परत जाताना हाक मारा. बाबांना चहा पाजतो.